तिसरी वही संपली

वासी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीच्या, सकाळी माझी तिसरी वही संपली. सगळी सोसायटी पतंग उडवायला गच्चीवर होती. स्पीकर लागले होते आणि दर दोन मिनिटांनी कुठून तरी ‘काप्यो छे!’ (कापला!) अशी आरोळी उठत होती. मी खाली स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून शेवटचं पान लिहीत होतो. शेवटची ओळ झाली तेव्हा खाली तारीख घातली, १५ जानेवारी २०२६. तिच्यापुढे शिफ्ट लिहिली आणि सही केली. शिफ्ट लिहून सही करायची सवय कारखान्यातली. मग वही मिटून तशीच हातात धरून बसलो. बायकोने वरून फिरकी धरायला हाक मारली, तरी पटकन उठवेना.

शंभर पानी तीन वह्या. माझ्या अक्षरात एका पानावर साधारण १४० शब्द बसतात, म्हणजे चाळीस हजारांच्या पुढे गेलो. ज्यांचं रोजचं कामच लेखन आहे त्यांना हा आकडा मोठा वाटणार नाही. मला फार मोठा वाटतो, कारण हीच कादंबरी मी १९९४ पासून लिहायला घेतोय आणि याआधी तीन वेळा ती हातून सुटली. या वेळी का सुटली नाही, ते आठवतंय तोवर लिहून ठेवायचं आहे.

मी बडोद्याचा. जन्म दांडिया बाजारातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत, शाळा मराठी, पुढे आयटीआय आणि बॉयलर अटेंडंटची परीक्षा. १९९२ पासून नंदेसरीच्या एका रसायन कारखान्यात बॉयलरवर आहे. आमचा बॉयलर दहा टनी, म्हणजे पूर्ण लोडवर तासाला दहा टन वाफ देणारा. ए, बी, सी अशा तीन शिफ्टा, सहा-सहा दिवसांच्या, प्रत्येकीनंतर एक सुट्टी. एकवीस दिवसांनी चाक पुन्हा जागेवर येतं.

आणि कादंबरी आजोबांची.

आजोबा मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत शिपाई होते. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतली वाचनालयं पाहिली, तिथून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना १९१० साली बडोद्याला आणलं आणि राज्यभर वाचनालयांचं जाळं उभं केलं, हा इतिहास बडोदेकरांना ठाऊक आहे. लायब्ररीतली पुस्तकांची ती उंच लोखंडी मांडणी आणि तिच्या मजल्यांची काचेची जमीन लोक अजूनही बघायला जातात. आजोबांच्या तोंडी मात्र इमारतीपेक्षा पेट्या जास्त असायच्या. ज्या गावात वाचनालय नाही तिथे लाकडी पेटीत पुस्तकं भरून पाठवायची, गावाने वाचली की पेटी परत यायची, मग दुसरी जायची. आजोबा १९२८ साली नोकरीला लागले ते या पेट्यांच्या कामावर. भरणं, यादी आत चिकटवणं, सुतळीने बांधणं, स्टेशनवर पोचवणं, कधी पेटीबरोबर जाणंसुद्धा. प्रतापनगरहून डभोईकडे जाणारी छोटी गाडी त्यांच्या गोष्टींमध्ये इतक्यांदा यायची, की मी पहिल्यांदा तिच्यात बसलो तेव्हा ती मला ओळखीचीच वाटली. डभोईहून मियागामला जाणारी लाइन तर १८६२ सालची, देशातल्या अरुंद रुळांच्या गाड्यांची सुरुवात तिथली. पहिल्यांदा तिच्यावर डबे बैल ओढायचे.

आजोबा १९८९ मध्ये गेले. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि त्यांना काहीच नीट विचारलेलं नव्हतं. पेटी कोण उघडायचं? गावात पहिलं पुस्तक कुणाच्या हाती जायचं? पुस्तक हरवलं तर काय व्हायचं? ज्यांना वाचता येत नसे त्या बायका पेटीभोवती का जमायच्या? जमायच्या, एवढं ते सांगायचे. का, ते मी विचारलं नाही. ते विचारायचं राहिलं म्हणून कादंबरी.

पहिला प्रयत्न १९९४ च्या पाडव्याचा. ठरवलं, दिवाळीपर्यंत तीनशे पानं. नवं शाईचं पेन घेतलं. अकरा पानं झाली. अकराव्या पानावर माझा नायक अजून घराबाहेरही पडला नव्हता, आणि पुढे २८९ पानं आहेत या विचारानेच माझा हात गळून गेला. दुसरा प्रयत्न २००८ चा. पंधरा दिवसांची रजा साठवून दिवाळीत लिहायला बसलो. मुलगी सात वर्षांची, घरात फराळाची गडबड. रोज सकाळी एक वाक्य लिहायचो आणि दुपारपर्यंत ते खोडत बसायचो. पंधरा दिवसांत दोन पानं झाली आणि घरच्यांची दिवाळी माझ्या चिडचिडीत गेली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तिसरा प्रयत्न सगळ्यात जास्त लागला. फेब्रुवारी २०१८ मध्ये ९१ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरलं. त्याच्या आधीचं इथलं संमेलन १९३४ चं, म्हणजे आजोबा तेव्हा नोकरीत होते. मी शिफ्टा बदलून घेऊन तिन्ही दिवस गेलो. मांडवात बसून इतकं मराठी एका वेळी कानावर पडायची आम्हा बडोदेकरांना सवय नाही. भरून आलं होतं. घरी येताना ठरवून टाकलं, रोज हजार शब्द. आणि ते सगळ्यांना सांगितलं. भावाला, सोसायटीत, शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. नऊ दिवस खरोखर लिहिले. दहाव्या दिवशी सी शिफ्ट लागली. रात्र जागून सकाळी सव्वाआठला घरी आलो, टेबलाशी बसलो, डोळे उघडे राहीनात. त्या दिवशी दोनशे शब्द झाले. दुसऱ्या दिवशी अठराशे शब्दांचं देणं डोक्यावर. तिसऱ्या दिवशी वहीकडे बघवेना. त्यानंतर वर्षभर लोक प्रेमाने विचारायचे, “कुठवर आली कादंबरी?” आणि मी लग्नामुंजीला जायचं टाळायला लागलो होतो.

हे तिन्ही प्रयत्न, म्हणजे त्यांची पानं, मी एका लोखंडी ट्रंकेत ठेवली होती. ट्रंक पलंगाखाली.

ऑगस्ट २०२४ मध्ये गोकुळाष्टमीच्या सुमाराला विश्वामित्री नदीला पूर आला. धोक्याची पातळी २६ फूट, पाणी ३५ च्या वर गेलं. आम्ही समा भागात तळमजल्यावर राहतो. वरच्या मजल्यावरच्या शहाभाभींनी आम्हाला घरात घेतलं म्हणून निभावलं. दोन दिवस लाइट नाही, आणि रस्त्यावर मगर दिसल्याच्या बातम्या. पाणी ओसरल्यावर खाली उतरलो, तर घरभर चिखल आणि तो वास. फ्रिज आडवा, गाद्या फुगलेल्या. ट्रंक उघडायला मला चौथा दिवस उजाडला.

१९९४ ची अकरा पानं आणि २०१८ ची नऊ दिवसांची पानं शाईच्या पेनाने लिहिलेली होती. त्यांचं फिकट निळं पाणी झालं होतं. एक अक्षर लागत नव्हतं. त्याच ट्रंकेत तळाशी माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या काही खिशातल्या डायऱ्या होत्या. शिफ्टमध्ये कच्चे आकडे टिपायला वापरायचो त्या. त्या बॉलपेनने लिहिलेल्या. पानं चिकटली होती, पण वाळवून सुटी केल्यावर प्रत्येक आकडा वाचता आला. १९९६ चा जून, रात्री दोन वाजता बॉयलरच्या ड्रमचं (पाणी-वाफेच्या टाकीचं) प्रेशर किती, फीडवॉटरचं तापमान किती, ब्लोडाउन कधी दिलं, म्हणजे तळाचं गाळाचं पाणी कधी सोडलं, सगळं. गच्चीवर दगड ठेवून ती पानं वाळवत बसलो होतो आणि एक हिशेब आपोआप डोक्यात झाला. दर शिफ्टला लॉगबुकाचं एक पान, वर्षाला अडीचशेच्या आसपास शिफ्टा, बत्तीस वर्षं. मी आठ हजार पानं लिहिली होती.

आठ हजार! आणि त्यातलं एकही पान लिहिताना मला धास्ती वाटली नव्हती. का वाटली नव्हती, यावर मी पुढचे बरेच दिवस विचार केला. लॉगबुक मला कधी विचारत नाही की तू चांगला आहेस का. ते एवढंच विचारतं, की दोन वाजताचा आकडा कुठे आहे. आठ हजार पानं लिहायची आहेत असंही मला १९९२ मध्ये कुणी सांगितलं नव्हतं. समोर एक पान असायचं, त्यावर आठ रकाने, तासाला एक. शिफ्ट संपली की सही, आणि वही पुढच्या माणसाच्या हातात.

त्याच दिवसांत मला आमचे पहिले फोरमन आठवले. त्यांना सगळे काकाच म्हणायचे. मी नवा असताना एकदा शटडाउननंतर बॉयलर थंड होता आणि प्रॉडक्शनवाले वाफेसाठी घाई करत होते. मी बर्नर वाढवायला हात घातला तर काकांनी मनगट धरलं. “दीकरा, लोढाने पण टाइम जोईए.” म्हणजे बाळा, लोखंडालाही वेळ लागतो. थंड बॉयलर एकदम मोठ्या आगीवर घेतला तर भट्टीच्या विटांच्या अस्तराला तडे जातात, नळ्या जिथे बसवलेल्या असतात तिथे गळायला लागतात. म्हणून लहान आग थोडा वेळ, मग बंद, उष्णता आत मुरू द्यायची, पुन्हा लहान आग. वरचा व्हेंट उघडा ठेवून आतली हवा जाऊ द्यायची. तासन् तास काहीच होत नाहीये असं वाटतं. मग प्रेशरचा काटा हलतो. हे काम मी बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या वाफेसाठी बिनचूक करत होतो. आणि लेखनात तीनही वेळा थंड भट्टीवर पूर्ण आग सोडली होती.

७ सप्टेंबरला गणपती बसले. घरात अजून भिंती ओल्या होत्या, मूर्ती एका स्टुलावर. आरती झाल्यावर शंभर पानी वही आणि निळं बॉलपेन घेऊन मी नवीन नियम लिहिले. ते अजून तेच आहेत.

ए शिफ्टला सकाळी सात ते तीन कामावर. सव्वाचारला बस घराजवळ सोडते, पाच ते सहा एक पान. बी शिफ्टला दुपारी तीन ते रात्री अकरा. तेव्हा सकाळ माझी, नऊ ते दहा एक पान. सी शिफ्टला रात्री अकरा ते सकाळी सात. त्या सहा दिवसांत अंग साथ देत नाही, मग ते देईल असं धरायचंच कशाला? सी शिफ्टला तीन ओळी. संध्याकाळी जेवणाआधी, बस यायच्या आत, फक्त तीन. ड्यूटीवर कधीच लिहायचं नाही. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या गेज ग्लासवर डोळा ठेवायच्या वेळी डोळा तिथेच हवा, यात मला कधी सूट घ्यायची नाही.

तीन ओळींचं महत्त्व मला आधी कळलं नव्हतं. ड्रममध्ये पाण्याची एक खालची पातळी ठरलेली असते. पाणी तिच्याखाली गेलं की बॉयलर स्वतःहून बंद पडतो, आणि मग पुन्हा सगळी सुरुवात. तीन ओळी म्हणजे ती खालची पातळी. सहा दिवस तीनच ओळी लिहिल्या तरी सातव्या दिवशी पान लिहायला बसलो की गोष्ट गरम असते. माझी माणसं कुठे उभी आहेत ते मला माहीत असतं. २०१८ मध्ये सी शिफ्टने मला मोडलं. आता सी शिफ्टच्या दिवसांत मी सगळ्यात कमी लिहितो, आणि पुढच्या प्रसंगाचा विचार सगळ्यात जास्त याच दिवसांत होतो.

दुसरा नियम खाड्यांचा. पान झालं नाही तर त्या तारखेसमोर ‘खाडा’ लिहायचं, कारण लिहायचं आणि पुढे जायचं. दुसऱ्या दिवशी दोन पानं लिहायची नाहीत. हेही लॉगबुकानेच शिकवलं. चुकलेला आकडा मागाहून अंदाजाने भरणं हा आमच्याकडे गुन्हा धरला जातो, आणि बरोबरच आहे, कारण त्या खोट्या आकड्यावर विसंबून पुढचा माणूस निर्णय घेतो. खाडा तो खाडा. सोळा महिन्यांत माझे २८ खाडे झाले. बॉयलरच्या वार्षिक तपासणीचे दिवस, आईला दवाखान्यात ठेवलं ते दिवस, नवरात्रातल्या दोन रात्री. त्यांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर आहे. ती बघून मला अपराधी वाटत नाही. तो एका घराचा हिशेब आहे आणि तो खरा आहे.

तिसरा नियम बायकोचा. “या वेळी कुणाला सांगू नका,” ती म्हणाली. तिचं म्हणणं असं, की सांगितलं की लोक शाबासकी देतात, आणि शाबासकी मिळाली की काम झाल्यासारखं वाटतं. मला ते शंभर टक्के पटलं. पहिली वही संपेपर्यंत आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मुलगी पुण्याला नोकरी करते, तिलासुद्धा नाही.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, आणि ती कळायला मला तीस वर्षं लागली. बॉयलरवर फीडपंप, इंधन, हवा, ब्लोडाउन हे माझ्या हातात असतं. प्लॅंटला वाफ किती लागणार ते माझ्या हातात नसतं. तसंच पान लिहिणं माझ्या हातात आहे. कादंबरी चांगली होणं, कुणी छापणं, कुणी वाचणं माझ्या हातात नाही. आधीच्या तिन्ही वेळी मी उद्दिष्ट म्हणून जे लिहिलं होतं ते सगळं दुसऱ्या रकान्यातलं होतं: ‘कादंबरी’, ‘दिवाळीपर्यंत’, ‘लेखक व्हायचं’. आता वहीच्या पहिल्या पानावर फक्त ‘पान’ असं लिहिलंय.

आमच्याच गावातलं एक मोठं उदाहरण मला या काळात फार आधार देत होतं. गोविंद सखाराम सरदेसाई, ज्यांना पुढे सगळा महाराष्ट्र रियासतकार म्हणू लागला, ते १८८९ मध्ये बडोद्याच्या नोकरीत आले. महाराजांना वाचून दाखवणं, राजपुत्रांना शिकवणं, महाराजांबरोबर प्रवास, अशी ती नोकरी. राजपुत्रांना इतिहास शिकवण्यासाठी टिपणं काढता काढता त्यांच्या हातून रियासतीचं काम उभं राहिलं. १८९८ मध्ये मुसलमानी रियासत, १९०२ पासून मराठी रियासतीचे भाग. नोकरी त्यांनी १९२५ मध्ये सोडली. म्हणजे इतकी वर्षं हे सगळं नोकरी सांभाळून चाललं होतं. त्यांच्या विद्वत्तेशी माझी तुलना होऊच शकत नाही. पण हातातल्या कामातून पान निघतं आणि पानातून ग्रंथ, हे याच शहरात घडलेलं आहे. लायब्ररीत त्यांचे जाड खंड ओळीने उभे पाहिले की मी दोन मिनिटं तिथे थांबतो.

सुट्टीच्या दिवशी मी शक्यतो लिहीत नाही. त्या दिवशी एका प्रश्नाचं उत्तर शोधायचं, असं ठरवलंय. एकाच. पहिला प्रश्न होता, पेटी किती जड होती? आजोबा म्हणायचे, “भारी असायची, पण उचलायचो.” तेवढ्यावर कादंबरी लिहिता येत नाही. उचलताना माणूस वाकतो कसा, खांद्यावर घेतो की डोक्यावर, एकट्याने की दोघांनी, हे वजनावर ठरतं. मग मी घरातली जुन्या बांधणीची तीस पुस्तकं निवडली आणि कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर तोलली. अकरा किलो भरली. ओळखीच्या सुताराकडे सागवानी पेटीची चौकशी केली, फळी किती जाडीची लागेल, कडी-कोयंडे लोखंडी की पितळी. त्याच्याकडे तेवढ्याच मापाची एक जुनी पेटी निघाली, ती नऊ किलो. म्हणजे वीस किलो. मी वीस किलोचं तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन घरापासून समा तलावापर्यंत चालत गेलो आणि आलो. कुठल्या वळणावर खांदा बदलावासा वाटला, श्वास कधी लागला, पोतं कुठे रुतलं, सगळं त्या संध्याकाळी टिपलं. दुसऱ्या वहीतलं चौदावं पान त्या चालण्यातून आलंय आणि आतापर्यंतच्या सगळ्या पानांत मला ते सगळ्यात जास्त आवडतं. आजोबांच्या इतक्या जवळ मी ते हयात असतानाही कधी गेलो नव्हतो.

तेव्हापासून असे अनेक प्रश्न झाले. पावसाळ्यात पेटी कशात गुंडाळायचे, हा अजून सुटलेला नाही.

भाषेचं सांगायला हवं. १९९४ आणि २००८ मध्ये मी जी मराठी लिहायचा प्रयत्न केला ती पुण्यामुंबईच्या पुस्तकांतली होती. आमच्या घरी तसं कुणी बोलत नाही. आमच्याकडे ‘येतोस ने?’ म्हणतात. आजोबा ‘पुस्तकं भेगी कर’ (गोळा कर) म्हणायचे, ‘धीमे घे’ म्हणायचे. आई अजूनही झोपाळ्याला हिंचकाच म्हणते. ही बोली अशुद्ध आहे असं शाळेत आम्हाला सांगितलं गेलं आणि मी ते इतकं मनावर घेतलं, की कागदावर आजोबा तोंड उघडायला लागले की मी त्यांची वाक्यं दुरुस्त करायचो. दुरुस्त केलेले आजोबा मला ओळखू यायचे नाहीत, म्हणून तर पहिलं वाक्य पंधरा दिवस खोडत होतो. या वेळी रोज एकच पान लिहायचं होतं आणि त्याला चांगलं-वाईट म्हणायचं नव्हतं, त्यामुळे दुरुस्तीला वेळच राहिला नाही. पाचव्या-सहाव्या पानावर आजोबा बोलले, “चल, पेटी घे. गाडी उभी नाही राहणार ने!” लिहून झाल्यावर मी ते वाक्य मोठ्याने वाचलं. बायको आत भाजी निवडत होती, तिने आजोबांना पाहिलेलंही नाही, पण ती बाहेर येऊन म्हणाली, “हे कोण बोललं?”

अडीचशेहून जास्त वर्षं मराठी माणूस बडोद्यात राहतोय. शेजारच्या गुजरातीशी त्याची मराठी रोज बोलत आलीय. ती जशी आहे तशी कुठेतरी लिहिलेली राहावी, असं मला मनापासून वाटतं. पुढच्या पिढीत ती किती उरेल, याची काळजीही वाटते. माझी मुलगी पुण्यात गेल्यापासून ‘ने’ म्हणायची थांबलीय.

छापून येण्याबद्दलही एक लहान उद्दिष्ट ठेवलंय. वर्षाला दोन कथा दिवाळी अंकांना पाठवायच्या. पाठवायच्या, एवढंच. पूर्वी एकदा गणपतीत कथा पाठवली होती. अंकांची जुळवाजुळव उन्हाळ्यापासूनच सुरू होते, हे तेव्हा माहीत नव्हतं. म्हणून २०२५ मध्ये दोन्ही कथा मे महिन्यात गेल्या. त्यासाठी मराठी टायपिंग शिकावं लागलं. पहिली वही संपल्यावर मुलीला सांगितलं, तेव्हा तिने फोनवरून इन्स्क्रिप्टची कळफलक मांडणी शिकवली. रोज दहा ओळी, यापेक्षा जास्त नाही. दीड महिन्यात हात बसला. एका कथेला उत्तर आलं नाही. दुसरी परत आली, पण बरोबर संपादकांचं पत्र होतं. भट्टीचा भाग जिवंत आहे, शेवट मात्र घाईत उरकलाय, असं त्यांनी लिहिलं होतं. पत्र खरं आहे. शेवटची तीन पानं मी बी शिफ्टच्या शेवटच्या दिवशी एका बैठकीत लिहिली होती, मे संपत आला म्हणून. ते पत्र वहीत ठेवलंय आणि ती कथा या मार्चमध्ये पुन्हा हातात घेणार आहे. शेवटासाठी सहा पानं राखून ठेवलीत, म्हणजे सहा दिवस.

२०२८ मध्ये मी निवृत्त होईन. कादंबरी तेव्हापर्यंत होईल का, असं मुलीने परवा विचारलं. मी तिला वही दाखवली. आणखी दोन वह्या लागतील असं वाटतं. निवृत्तीनंतर पूर्ण दिवस मोकळा मिळेल, तेव्हा जास्त पानं लिहीन का, हेही तिने विचारलं. ते मी ठरवलेलं नाही. काकांना विचारता आलं असतं तर बरं झालं असतं.

मांडवीच्या दुकानातून चौथी वही आणून ठेवलीय. पहिल्या पानावर वर ‘पान’ असं लिहून झालंय. आजपासून सी शिफ्ट आहे, बस रात्री सव्वादहाला येईल. त्याआधी तीन ओळी. पेटी डभोईच्या फलाटावर उतरली आहे, सुतळी एका बाजूने सैल झालीय, आणि संखेड्याहून येणारी बैलगाडी अजून आलेली नाही.